त्रेपन्न किलोंचे पन्नास

वजनाच्या बाबतीत मला कुणी काही शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत होतं. आणि ते उगाच नव्हतं! बावीस वर्षं मी वजनकाट्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. दुकानातले काटे, गोदामातले काटे, ज्यांच्यावर उभं राहून माणसं डोळे मिटून घेतात ते काटे, सगळे माझ्या टेबलावरून जातात. माझी सही झाली की काटा खरा. सही नसेल तर तो काटा नव्हेच, नुसता पत्रा!

त्यामुळे कारखान्याच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी माझ्या कार्डावर 'एक्क्याण्णव किलो चारशे' असं लिहिलं, शेजारी रक्तदाबाच्या आकड्याभोवती लाल गोल काढला, तेव्हा मी मुळीच घाबरलो नाही. उलट कॅन्टीनमध्ये सगळ्यांच्या देखत जाहीर केलं, "महिन्याभरात पाच किलो उतरवून दाखवतो!"

"कुठे उतरवतोस? जिन्यात?" आमचा फोरमन म्हणाला. हा माझा वीस वर्षांचा मित्र. म्हणजे शत्रूची गरजच नाही.

"हसून घे. पुढच्या महिन्यात बोलू."

घरी बायकोला सांगितलं. ती मटार सोलत होती. तिने मान वर न करता विचारलं, "अहो, पण कोणाचे?"

याच सुमारास आमच्या मॅनेजरसाहेबांनी एक पाहुणी आणली. नोटीसबोर्डावर कागद लागला, 'दर बुधवारी आरोग्य-प्रशिक्षक भेटतील. तीन महिने. सर्वांनी लाभ घ्यावा.' आता प्रशिक्षक म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे गळ्यात शिट्टी, पायात बूट आणि तोंडात 'एक-दोन, एक-दोन' असलेला दांडगा गडी उभा राहिला. मी घरून टॉवेल घेऊनच गेलो.

नमुन्यांच्या खोलीत, जिथे आम्ही गिऱ्हाइकांना काटे दाखवतो, तिथे एक शांत चेहऱ्याच्या मॅडम बसल्या होत्या. शिट्टी नाही. बूट नाहीत. समोर एक वही आणि पाण्याचा ग्लास.

"बसा. टॉवेल कशाला?"

"घामासाठी."

"आपण फक्त बोलणार आहोत," त्या हसून म्हणाल्या.

मी जरा खट्टू झालो. म्हटलं, "बरं, मग सांगा, काय खायचं, काय नाही?"

"ते डॉक्टरांनी सांगितलंय ना तुम्हाला?"

"सांगितलंय. यादीच दिलीये."

"कुठे आहे ती?"

यादी कपाटात होती, विम्याच्या कागदांखाली. तसं मी म्हणालो नाही. म्हणालो, "पाठ आहे!"

"छान. म्हणजे काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे. ते रोजच्या धबडग्यात कसं जमवायचं, हे आपण दोघं मिळून शोधू. त्यासाठी मी आहे. बरं, मला सांगा, तब्येत सुधारली तर तुम्हाला काय करावंसं वाटतं?"

असा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. डॉक्टर विचारतात 'काय दुखतं', बायको विचारते 'कधी येणार', साहेब विचारतात 'का नाही झालं'. मी गडबडून गेलो आणि गडबडलेला माणूस जे करतो तेच केलं. थापा मारल्या! उद्यापासून पाचला उठणार, दहा किलोमीटर पळणार, गोड बंद, तळलेलं बंद, बिस्किटाकडे ढुंकूनही बघणार नाही!

त्यांनी वहीत काहीच लिहिलं नाही. "दहापैकी किती खात्री वाटते?"

"अकरा!"

"त्यापेक्षा एखादी छोटी गोष्ट निवडली तर? अगदी सोपी, रोज होईल अशी?"

"छोटं आपल्याला जमत नाही, मॅडम. बावीस वर्षांचा अनुभव आहे!"

त्या म्हणाल्या, "ठीक आहे. तुम्ही ठरवलंय तर करून बघा. काय घडलं ते पुढच्या बुधवारी सांगा."

काय घडलं ते तुम्हाला सांगतो, त्यांना सांगितलं नाही. पहिल्या दिवशी पाचला उठलो. कोपऱ्यापर्यंत पळालो. कोपऱ्यावरच्या कुत्र्याला वाटलं मी चोर आहे. परत आलो तो वेग माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम होता! दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दगड झाल्या. तिसऱ्या दिवसापासून पाच वाजता मी फक्त गजर बंद करायला उठत असे. आणि बिस्किटांचं म्हणाल, तर ढुंकून बघत नसे हे खरं. न बघताच खात असे.

तरी दर बुधवारी मी मॅडमना "उत्तम चाललंय!" असं सांगत राहिलो. त्या शांतपणे ऐकत. एकदा म्हणाल्या, "नाही जमलं तर तसं सांगितलं तरी चालतं. इथे कोणी मार्क देत नाही." मी म्हणालो, "छे छे, नाही जमायला काय झालं!"

मग आली तिसऱ्या आठवड्याची अखेर आणि मॅनेजरसाहेबांच्या डोक्यात कल्पना. "आपण काटे बनवतो आणि आपल्याच कार्यक्रमात काटा नाही? पुढच्या बुधवारी सगळ्यांची वजनं!" मॅडमनी सांगून पाहिलं, की एवढ्यात आकड्यांच्या मागे लागू नका, झोप कशी आहे, दम कमी लागतो का, मन कसं आहे, तेही बघू. पण साहेबांना आकडे फार आवडतात. त्यांनी माझ्याकडे वळून सांगितलं, "नमुन्यांच्या खोलीतला तो मोठा काटा तपासून ठेव. तुझी सही पाहिजे!"

फोरमन मिश्या कुरवाळत म्हणाला, "पाच किलो ना रे?"

मंगळवारी दुपारी मी त्या खोलीत एकटा होतो. आधी स्वतः काट्यावर उभा राहिलो. एक्क्याण्णव किलो चारशे. महिनाभरात एक ग्रॅमही हलला नव्हता! इतकं सातत्य मी आयुष्यात दुसऱ्या कशातही दाखवलेलं नाही.

आता एक गोष्ट समजून घ्या. काट्याला स्वतःला काही कळत नसतं. त्याच्यावर पन्नास किलोची प्रमाण वजनं ठेवायची, एक बटण दाबायचं आणि सांगायचं, 'बाबा रे, हे पन्नास.' तो बिचारा मान्य करतो आणि पुढे आयुष्यभर त्याच मापाने जग मोजतो. मी त्याच्यावर पन्नास किलो ठेवले, आणि वर तीन किलो जास्तीचे. बटण दाबलं आणि सांगितलं, 'हे पन्नास.'

त्याने विश्वास ठेवला.

मी पुन्हा उभा राहिलो. शहाऐंशी किलो दोनशे! मनात म्हटलं, माझ्यापुरतंच तर आहे. माझं झालं की संध्याकाळी गुपचूप ठीक करून टाकू. आणि काट्याच्या कार्डावर, बावीस वर्षांच्या सवयीने, झोकदार सही ठोकली.

बुधवारी सकाळी सगळा कारखाना रांगेत! पहिला मी. 'शहाऐंशी दोनशे' असं उमटताच टाळ्या पडल्या. फोरमनचं तोंड कडू कारलं खाल्ल्यासारखं झालं. मी काट्यावरून असा उतरलो, जसा विमानातून मंत्री.

मग फोरमन चढला. वार्षिक तपासणीच्या कार्डापेक्षा त्याचं वजन सव्वाचार किलोंनी घटलेलं! त्याने स्वतः खाली वाकून आकडा वाचला. "अरे, पण मी तर... माझ्या मेव्हणीचं लग्न होतं! चार दिवस नुसतं जेवत होतो!"

"चिंतेने घटतं कधी कधी," मी पडत्या आवाजात म्हणालो.

पॅकिंगवाले घटले. टायपिस्ट घटली. दारावरचा रखवालदार, जो गेली दहा वर्षं खुर्चीतून हललेला नाही, तोही पावणेपाच किलो घटला आणि हलला, आनंदाने! गंमत अशी, की त्या काट्याच्या हिशेबात जितका माणूस जाड, तितकी सूट जास्त. त्यामुळे मॅनेजरसाहेब चढले तेव्हा तर कमालच झाली. एकशे बाराचे थेट एकशे पाच किलो सहाशे पन्नास!

"सहा किलो!" साहेब ओरडले. "मला वाटतच होतं! जिना चढताना हल्ली अगदी पिसासारखं वाटतं!"

साहेब लिफ्टने जातात.

त्यांनी तिथल्या तिथे मॅडमचा हात हातात घेऊन गदागदा हलवला. "मॅडम, तुम्ही जादू केलीत! मालकांना कळवतो. दुपारी तीनला सगळ्यांनी कॅन्टीनमध्ये जमायचं. केक मागवा, मोठा!"

मॅडम मात्र हसत नव्हत्या. कपाळावर आठी घालून त्या आकड्यांचा कागद बघत होत्या. "साहेब, सगळ्यांचं एकदम इतकं उतरणं बरं नाही. मला काळजी वाटते. डॉक्टरांना विचारायला हवं."

"कसली काळजी! आणि ऐका, हा आपला शुभशकुनी काटा. हा आपण रुग्णालयाला भेट देऊन टाकू. मुलांच्या वॉर्डला. आजच संध्याकाळी गाडी जाईल!"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मुलांच्या वॉर्डात वजन बघून औषध देतात हो! मी पुढे झालो, "साहेब, जुना काटा कशाला, नवा देऊ की..."

"तुझी सही आहे ना त्याच्यावर? मग झालं तर!"

घाम पुसायला मला आता तो टॉवेल हवा होता. पण खरा दणका पुढेच होता. पाणी प्यायला म्हणून कॅन्टीनच्या मागच्या खोलीत गेलो, तर तिथे कपांच्या खोक्यावर बसून मावशी रडत होत्या.

या मावशी म्हणजे आमच्या कॅन्टीनच्या सर्वेसर्वा. अंगाने मुळातच काडी, त्यात मागच्या वर्षी मोठं आजारपण झालं. दोन महिने रुग्णालयात होत्या. परतल्या तेव्हा अडतीस किलो होत्या. सगळा कारखाना वजन उतरवायच्या मागे होता, तेव्हा ही एकटी बाई वजन चढवायला मॅडमकडे जात होती.

"मावशी, काय झालं?"

"काही नाही, साहेब." त्यांनी पदराने डोळे पुसले. "दवाखान्यात मागच्या महिन्यात बेचाळीस भरले होते. डॉक्टर म्हणाले, असंच वाढू द्या, खाली गेलं तर पुन्हा भरती व्हावं लागेल. मॅडमनी विचारलं, मावशी, काय जमेल? मी म्हटलं, सगळ्यांना वाढून झालं की मी उभ्याने दोन घास गिळते, ते बसून खाईन. सगळ्यांच्या आधी. एवढं एकच ठरवलं. आणि केलं बघा! एक दिवस चुकवला नाही. भूक लागायला लागली. झोप लागायला लागली. वाटलं, आता त्रेचाळीस नक्की. आणि आज तुमच्या काट्यावर चाळीस पाचशे!"

मला कपांच्या खोक्यात तोंड खुपसावंसं वाटलं.

"मावशी, काटा... काटा चुकला असेल."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहान मुलाने काहीतरी वेड्यासारखं विचारलं असावं. "तुम्ही तपासलेला काटा? तो कसा चुकेल, साहेब! दुसऱ्या कोणाचा असता तर म्हटलं असतं." आणि उठून म्हणाल्या, "संध्याकाळी लेकीला कळवते. दवाखान्याची पिशवी भरून ठेव म्हणते. चला, केक आलाय, बशा लावायच्यात."

बावीस वर्षांत माझ्या कामाचं एवढं कौतुक कोणी केलं नव्हतं. आणि एवढं लागलंही नव्हतं.

मी तडक नमुन्यांच्या खोलीत गेलो. मॅडम एकट्याच होत्या. दार लावून घेतलं आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. यादी, कुत्रा, गजर, बिस्किटं, त्रेपन्न किलो, सगळं! वाटलं, आता ओरडतील. शिट्टी नसली तरी निदान आवाज तरी चढवतील!

त्या ओरडल्या नाहीत. चेहरा मात्र उतरला होता. "म्हणजे मावशींना मी आत्ता जे समजावून आले, ते सगळं..." त्यांनी वही मिटली. "मला तुमचा राग आलाय, हे खरं सांगते. पण आधी हे सांगा, आता काय करायचं?"

"तेच तर विचारायला आलोय! तुम्ही सांगा ना!"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं पळून जावं!"

"दहा किलोमीटर?"

मला हसू की रडू कळेना. "मॅडम, कृपा करा, एकदा तरी सरळ सांगा. अमुक कर, तमुक कर. मी करतो!"

"तशी यादी तुमच्या कपाटात आहे की एक," त्या म्हणाल्या. "आत्ताच तुम्ही सांगितलंत, तिचं काय झालं ते. बाकी सगळं राहू द्या. आत्ता लगेच होईल अशी सगळ्यात छोटी गोष्ट कुठली?"

मी विचार केला. चक्क विचार केला! "वीस किलोचं एक प्रमाण वजन उचलायचं. आणि काट्यावर ठेवायचं. सगळ्यांसमोर."

"जमेल असं किती वाटतं? दहापैकी?"

"तीन," मी म्हणालो. त्यांच्या 'दहापैकी'ला महिनाभरात दिलेलं पहिलं खरं उत्तर!

"दोन का नाही वाटलं?"

काय विचित्र प्रश्न! पण उत्तर आपोआप तोंडातून आलं. "कारण मावशी पिशवी भरायला सांगणार आहेत."

"मग चला," त्या म्हणाल्या. "मी येते बरोबर."

कॅन्टीनमध्ये सोहळा रंगात आला होता. शुभशकुनी काटा तिथे आणून त्याला कोणीतरी लाल फीत बांधली होती. साहेब सुरी हातात घेऊन भाषण करत होते. मी वीस किलोचं वजन पोटाशी धरून, धापा टाकत मध्ये घुसलो.

"अरे, हे काय? कसरत नंतर कर!" साहेब म्हणाले.

मी वजन काट्यावर ठेवलं. पितळी वजनावर ठसठशीत कोरलेलं होतं, 'वीस किलो'. काट्यावर आकडा उमटला, अठरा किलो आठशे पन्नास.

बघणारे सगळे काटे बनवणारे! कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. अशी शांतता पसरली, की केकवरची मेणबत्ती वितळलेली ऐकू यावी.

"मी केलं," मी म्हणालो. "मुद्दाम. पाच किलो उतरवीन म्हणून फुशारकी मारली होती. माझं एक ग्रॅम उतरलेलं नाही. तुमचं कोणाचंच उतरलेलं नाही. मॅडमचा यात काही दोष नाही."

साहेबांनी सुरी हळूच केकशेजारी ठेवली. "म्हणजे... मी..."

"एकशे बारा, साहेब."

"आणि ते पिसासारखं वाटत होतं ते?"

रखवालदार गुपचूप खुर्चीत बसला. फोरमन मात्र एकदम उजळला, "तरीच म्हटलं, मेव्हणीच्या लग्नात सव्वाचार किलो जातील कसे!"

मी बाकीची प्रमाण वजनं मागवली आणि तिथेच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, पन्नास किलो मांडले. बरोबर पन्नास. बटण दाबलं. मग मागे वळलो. "मावशी, या."

"मला कशाला परत, साहेब? नको."

"या ना. माझ्यासाठी."

त्या बशा ठेवून आल्या. चपला काढून, देवळात शिरावं तशा काट्यावर चढल्या आणि डोळे घट्ट मिटून घेतले. आकडा थोडा हलला. थरथरला. थांबला.

"त्रेचाळीस," मी म्हणालो. "त्रेचाळीस किलो, मावशी! बरोबर!"

"खरं?" त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. "की तुम्ही पुन्हा काही..."

"मी वाचतो!" फोरमन पुढे झाला आणि खाली वाकून ओरडला, "त्रेचाळीसच!"

आणि मग टाळ्यांचा जो कडकडाट झाला, तो माझ्या शहाऐंशीला झालेल्या टाळ्यांच्या दसपट होता. मॅडमनी मावशींना मिठीच मारली. साहेबांनी केक कापायचा की नाही यावर क्षणभर विचार केला आणि पहिला, सगळ्यात मोठा तुकडा मावशींना दिला. "तुम्हीच खा. बसून. आमच्या आधी!"

मला अर्थातच केक मिळाला नाही. मिळाली ती लेखी ताकीद, आणि तीन महिने माझ्या प्रत्येक सहीखाली फोरमनची सही! तो प्रत्येक काटा माझ्यासमोर दोनदा तपासतो आणि "बघू हं, आज कितीचे पन्नास?" असं विचारतो.

घरी सगळं सांगितलं. बायको ऐकताना एकदाही हसली नाही, याचीच मला भीती वाटली. शेवटी म्हणाली, "अहो, बाकी सगळं जाऊ द्या. तुमच्या कार्डावर तो लाल गोल आहे, त्याचं काय? वजनाच्या बाता महिनाभर ऐकल्या. रक्तदाबाबद्दल एक शब्द नाही बोललात. मी रोज बघत होते, तुम्ही झोपेत श्वास कसा घेता ते." आणि उठून आत गेली.

पुढच्या बुधवारी मी मॅडमसमोर बसलो आणि पहिल्यांदाच मनातलं बोललो. म्हटलं, मला भीती वाटते. माझे वडील बावन्नाव्या वर्षी गेले, मी एक्कावन्नचा आहे. म्हणून मी यादी कपाटात ठेवली. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि कितीतरी वेळ नुसतं ऐकलं. मग विचारलं, काय जमेल? मी म्हटलं, रात्रीच्या जेवणानंतर बायकोबरोबर पंधरा मिनिटं चालणं. आणि शनिवारी डॉक्टरांकडे जाणं. "दहापैकी?" "आठ." त्यांनी वहीत लिहिलं! माझं बोलणं त्या बाईने पहिल्यांदा लिहून घेतलं, हो!

तेव्हापासून चालतोय. डॉक्टरांनी एक गोळी सुरू केलीये, रक्तदाब उतरलाय. बायको चालताना दिवसभराचं बोलते, मी ऐकतो. वजन? खऱ्या काट्यावर, फोरमनच्या सहीने, दोन महिन्यांत एक किलो सातशे. मॅडम म्हणतात, उत्तम.

आणि मलाही ते जाणवायला लागलं होतं! गेले तीन आठवडे पँट कशी मोकळी मोकळी वाटत होती. कारखान्यात ताठ मानेने फिरत होतो. मी पुढे गेलो की मागे लोक हसून एकमेकांना खुणावायचे. म्हटलं, करतात बिचारे कौतुक! परवा मोठ्या ऐटीत शिंप्याकडे गेलो आणि पँट टेबलावर टाकली. "कंबरेत दोन इंच आत घ्या. उतरलोय!"

शिंप्याने पँट उलटी केली. उजेडात धरली. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, आत कुठली घेताय? मागची शिवण उसवलीये. वीतभर!"